साडेनऊ

तेहेतीस केव्हीच्या उपकेंद्रात माझी रात्रपाळी,
गावाबाहेर, सायखेड्याच्या फाट्यावर.
पॅनलवरचं घड्याळ आठ मिनिटं पुढं.
कोणी लावलं, कोणाला ठाऊक नाही, मागं करायला कोणी धजत नाही.
तासातासाला रीडिंग:
व्होल्ट, अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान.
आणि दोन रीडिंगच्या मधल्या जागेत
मी मोबाइलवर एक पूल राखतो.
पाच जण लागतात त्या पुलाला.

नाकुरूची वांजिरू येते संध्याकाळी सातला,
दुकानाचं शटर ओढून.
पोखऱ्याचा सुजन पावणेदहाला;
त्याचं घड्याळ आमच्याहून पाव तास शहाणं.
एस्तेबान दुपारी एकला, मासळीच्या कारखान्यात,
हातमोजे काढून, एका हातात पाव.
आणि न्यूझीलंडची मेरे पहाटे पाचला,
गाई दोहायच्या आधी,
उद्याच्या पहाटे.
एकदा विचारलं तिला, कसा आहे उद्या?
म्हणाली, धुकं आहे.

हे सगळं मिळून आमचं साडेनऊ.

एस्तेबानला ते साडे गिळत नाही.
अर्धा तास कशाला, म्हणतो, एक तर नऊ म्हणा नाही तर दहा.
काय सांगू त्याला?
की आम्ही दीड भाकर खातो, अडीच एकर वाहतो,
सव्वा रुपया ओवाळणीत टाकतो,
आमच्यात पुरा आकडाच जरा परका वाटतो.
मी लिहिलं, देश रुंद आहे, सूर्य एक,
मधोमध तडजोड केली.
त्यानं अंगठा पाठवला.

मग फोन वाजतो. उपकेंद्राचा, काळा.
डोमाजी चापले, उन्हाळी भुईमुगाच्या बांधावरून:
"लाइन कवा येते गा, ऑपरेटर भाऊ?"
"दहाले."
"तुह्या घड्याळाचे का माह्या?"

त्या एप्रिलच्या सोमवारी
मी साडेनऊला पुलावर उभा. वांजिरू आली, सुजन आला.
दोन बुरुज रिकामे.
आम्ही हाका मारल्या, सुजननं शिव्या दिल्या नेपाळीत,
त्या मला कळल्या.
अकरा मिनिटांत पूल गेला.
दहाचं रीडिंग मी चुकीच्या रकान्यात लिहिलं, खोडलं,
डोमाजीची लाइन सोडली,
अंगणात जाऊन आलो. तारा गुणगुणत होत्या.

साडेदहाला दोघं आले,
एकाच वेळी, जगाच्या दोन टोकांवरून, ताजेतवाने.
चला, म्हणाले, सुरू करू.

इथं चैत्र तापला होता
आणि तिकडं दोघांच्याही झाडांची पानं गळायला लागली होती,
म्हणून शनिवार-रविवारच्या रात्री सरकारनं त्यांची घड्याळं
एक तास मागं ओढली होती.
मेरेचे पाच वाजले होते. एस्तेबानचा एक.
उशिरा कोणीच आलं नव्हतं.
भांडायला जागाच नव्हती, तरी वांजिरू भांडली.

त्या रात्री लॉगबुकाच्या शेवटच्या पानावर
पट्टी धरून तक्ता आखला,
फीडरचा आखतो तसा:
नाव, चालू, बंद, शेरा.

जूनमध्ये खराबे साहेब तपासणीला आले.
पानं उलटत उलटत गेले थेट शेवटापर्यंत.
चष्मा कपाळावर सारला.
"हा पोर्तो माँत कोणता फीडर?"
माझ्या घशात थुंकी अडली.
"नवा हाय, साहेब. सिंगल फेज."
"लोड?"
"एकच गिऱ्हाईक."
"आन हा न्यूझीलंड? उद्या पहाटे चारले चालू? उद्याची नोंद आज कायले?"
मी म्हणालो, तिकडं उद्या आधी येते.
त्यांनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं,
मग पॅनलवरच्या घड्याळाकडं,
मनगटावरच्या घड्याळाकडं,
आणि सही केली.
खाली वेळ टाकली,
कोणत्या घड्याळाची, ते मी विचारलं नाही.